सावकाश सायकल, घाईचा कॅमेरा

दिनानाथ खातूंना एखादी वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय चैन पडत नसे. आणि एकदा कळलं, की ती वस्तू चालत नसे. मिक्सर त्यांना कळला होता. इस्त्री कळली होती. दारावरची बेल तर इतकी खोलवर कळली होती, की पाहुणा आत येऊन बसला आणि मागे दार लावलं की मग ती वाजायची. "ती तुमचीच आहे, जरा उशिरा पोचली," असं त्यांच्या पत्नी आशालताबाई पाहुण्यांना सांगत. एका विमा कंपनीत लोकांच्या अपघातांचे दावे तपासण्यात ज्याची उभी नोकरी गेली, त्याने निवृत्तीनंतर स्वतःचे अपघात करायला घेतले तर त्यात नवल ते काय, असं या माउलीचं मत होतं.

वसईतल्या पारिजात सोसायटीतून संध्याकाळी निघायचं, सांडोरच्या वाड्यांमधून चालत आलोशियस तुस्कानोंच्या केळीच्या बागेपर्यंत जायचं, तिथे बांधावर बसून जगाचा कारभार सुधारायचा आणि काळोख पडायच्या आत परतायचं, हा खातूंचा नेम होता. आलोशियस मोकळे गृहस्थ. परतताना खातूंच्या पिशवीत काही ना काही घालायचे. कधी केळफूल, कधी मुळ्याची जुडी. डिसेंबरातल्या एका रविवारी मात्र पिशवीत एक काळी, जड, लोखंडी वस्तू पडली.

"बघा खातू, तुमच्या कामाची आहे का. आमच्या मुलाची, स्टॅनीची. तो कॅनडाला गेला, ही इथेच राहिली. क्लेमेंटीन दाराला अडसर म्हणून लावते, वाऱ्याने आपटू नये म्हणून."

खातूंनी वस्तू उलटीसुलटी केली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ती मोटर ड्राइव्ह होती.

आता मोटर ड्राइव्ह म्हणजे काय, हे सांगायला हवं. जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की अंगठ्याने खटका ओढून रीळ पुढे सरकवावं लागे. हे यंत्र कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवलं की ते काम ते स्वतः करतं. बटनावर बोट ठेवून राहायचं. सेकंदाला साडेतीन या वेगाने फोटो निघत राहतात.

"साडेतीन?" आशालताबाईंनी विचारलं. "मग तो अर्धा फोटो कोणाचा?"

खातू उठून आत गेले. कपाटात, शालूच्या शेजारी, पंच्यात गुंडाळलेला त्यांचा तरुणपणीचा जपानी कॅमेरा होता. स्टॅनीचं यंत्र त्याच्या खाली असं बसलं, जसे काही दोघांचे गुण जुळवूनच ठेवले होते. फक्त त्याला पेन्सिल सेल लागत होते, तेही एकदम आठ. खातूंनी घरात उपलब्ध असलेले गोळा केले. परिणामी भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला थांबलं, टीव्हीचा रिमोट निष्प्राण झाला, आणि आशालताबाईंच्या मालिकेतल्या सुनेला सासूने नेमकं काय पाजलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण यंत्र चाललं. खातूंनी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटन दाबलं आणि 'खर्रर्र-खट्, खर्रर्र-खट्' असा आवाज घरभर झाला. खातूंना तो संगीतासारखा वाटला. खालच्या मजल्यावरच्या विनिताला तो वेगळा वाटला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'काही सभासद दुपारी दोन ते चार या वेळेत भिंतीत ड्रिल मारतात. ही गोष्ट खेदजनक आहे.' सेक्रेटरी शत्रुघ्न सावे यांची भाषा नेहमी अशीच खेदजनक असे. खातू तडक त्यांच्याकडे गेले.

"ते ड्रिल नाही. मोटर ड्राइव्ह आहे."

"काका, ड्राइव्ह असेल तर पार्किंगमध्ये ठेवा."

"अहो, कॅमेऱ्याचा भाग आहे तो!"

"कॅमेऱ्याला मोटर?" सावे यांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर खातूंना ओळखीची होती. बैल झाडावरून पडून जखमी झाला असा दावा आला की ते स्वतः असेच पाहत असत. "आणि याने काय होतं?"

"सेकंदाला साडेतीन फोटो निघतात."

"कशाचे?"

इथे खातू अडले. प्रश्न रास्त होता. इतक्या वेगाने फोटो काढावेत असं त्यांच्या आयुष्यात काहीही घडत नव्हतं. पुढचे काही दिवस ते वेगवान गोष्टीच्या शोधात हिंडले. सोसायटीतलं मांजर त्यांच्यासमोर हटकून झोपायचं. उतू जाणारं दूध टिपावं म्हणून ते गॅसपाशी उभे राहिले, तेव्हा दुधाने उतू जायचं नाकारलं. आणि ते वळल्यावर मात्र गेलं. ओटा त्यांनीच पुसला.

शेवटी सावे यांनीच तोड काढली. दर वर्षी सव्वीस जानेवारीला पारिजात सोसायटी आणि सांडोरची मंडळी यांच्यात खेळांच्या स्पर्धा होतात आणि एक फिरती ढाल असते. "काका, तुम्ही अधिकृत फोटोग्राफर. अट एकच. तोवर ते यंत्र बिल्डिंगमध्ये वाजवायचं नाही."

अधिकृत! खातूंनी नवं रीळ मागवलं, आठ नवे सेल आणले, घड्याळाचे सेल घड्याळाला परत केले आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवून आरशात स्वतःला पाहिलं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि स्पर्धा सुरू झाल्या. धावण्याच्या शर्यतीत खातूंनी यंत्राची कळ चालूवर सरकवेपर्यंत धावणारे सरबत पीत होते. लिंबू-चमच्याच्या वेळी सेलचं झाकण निघालं आणि आठही सेल गवतात गेले. ते शोधताना त्यांना स्पर्धेतली दोन लिंबं सापडली. पोत्यांच्या शर्यतीत सगळं जमलं होतं, बटनही दाबणार होते, पण समोर सगळा काळोख होता; भिंगावरची टोपी काढायची राहिली असल्याचं त्यांना शेजारच्या माणसाने सांगितलं. दुपार झाली. सोसायटी आणि गाव बरोबरीत आले. रीळ कोरं होतं आणि एकच सामना उरला होता: पन्नाशीपुढच्या महिलांची स्लो सायकल.

म्हणजे अख्ख्या मैदानावरची सगळ्यात सावकाश गोष्ट. हिच्यात जी सगळ्यांच्या शेवटी पोचते ती पहिली, आणि पाय जमिनीला लागला की बाद. सेकंदाला साडेतीन फोटोंची ताकद हातात असताना नशिबाने खातूंपुढे हे वाढून ठेवलं होतं. त्यातून या स्पर्धेत स्वतः आशालताबाई होत्या. त्यांनी पार्किंगमध्ये महिनाभर सराव केला होता. "हळू जायचं मला काय शिकवता?" असं त्या म्हणाल्या होत्या. "चाळीस वर्षं तुमच्याबरोबर बाजारात जातेय."

तिघी होत्या. विनिता शिट्टी वाजताच पडली. ती तिसरी ठरली. उरल्या दोघी: गुलाबी रंगाच्या, पुढे टोपली असलेल्या सायकलवर आशालताबाई, आणि आलोशियसांच्या दूध घालायच्या उंच सायकलवर क्लेमेंटीन टीचर. टीचर म्हणजे आलोशियसांच्या पत्नी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता. पंच मर्विन सर हे पहिल्या निम्म्यातले.

दोघी कासवाला घाई वाटावी अशा बेताने सरकत होत्या. शेवटची रेघ हातभर अंतरावर आली. आशालताबाई जवळजवळ थांबल्या. टीचर जवळजवळ थांबल्या. शेकडो माणसं गप्प. सगळ्यांचे मोबाईल समोर धरलेले. गुलाबी सायकलचं पुढचं चाक थरथरलं. दूधवाली सायकल कलायला लागली. हाच तो क्षण, असं खातूंच्या मनाने घेतलं आणि त्यांनी बटन दाबलं.

त्या शांततेत असा काही आवाज झाला, की कोणीतरी ओरडलं, "गांधीलमाश्या! पोळं उठलं!" सगळं मैदान आवाजाच्या दिशेने वळलं. मोबाईल वळले. मर्विन सर वळले. खातूंनी बोट उचललं. पण बटन खालीच अडकलं. दहा सेकंद, रीळ संपेपर्यंत, ते यंत्र गरजत राहिलं आणि दहा सेकंद सगळ्या वसईचे डोळे एका वाकलेल्या, तोंड उघडं पडलेल्या, कॅमेऱ्याला चापट्या मारणाऱ्या गृहस्थावर खिळून राहिले. शेवटी 'खर्रर्र-कट्ट' झालं. लोकांनी मान परत वळवली, तेव्हा दोन्ही सायकली आडव्या होत्या आणि दोघी बायका गवतात बसल्या होत्या.

कोणाचा पाय आधी टेकला?

कोणीच पाहिलं नव्हतं. मोबाईल तपासले. एकूण एक चित्रणात खातूच होते. मर्विन सरांनी दोघींना विचारलं. आशालताबाई म्हणाल्या, "मला काही सांगता यायचं नाही." टीचर म्हणाल्या, "मलाही नाही." हा बायकांचा मोठेपणा म्हणून लोकांनी क्षणभर वाखाणला आणि मग भांडायला सुरुवात केली. सोसायटी म्हणाली, टीचर आधी पडल्या. गाव म्हणालं, खातूंनी बायकोसाठी मुद्दाम यंत्र वाजवलं, टीचर दचकून पडाव्यात म्हणून.

"मी?" खातूंचा आवाज चिरकला. "मी आयुष्यभर खोटे दावे फेटाळलेत!"

"मग तुम्हीच सांगा काय दिसलं," मर्विन सर म्हणाले. "तुम्ही तर त्यांच्याकडेच बघत होता."

आणि इथे कॅमेऱ्याच्या पोटातली एक गंमत खातूंच्या मुळावर आली. या जातीच्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो आणि त्यातून आपल्याला समोरचं दिसतं. फोटो निघतो त्या क्षणी मात्र तो आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार येतो. म्हणजे जे फोटोत येतं, तेवढंच नेमकं फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. त्यातून पहिल्याच हादऱ्याने खातूंचा चष्मा नाकावरून घसरला होता. हे सगळं त्यांनी जमावाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. जमावाला ते पटलं नाही.

"पण फोटो असतील ना?" आलोशियस म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलत होते आणि त्यांनी खातूंकडे पाहिलं नाही. "छत्तीस आहेत म्हणता. त्यात दिसेल."

खरंच की. सगळी दुनिया खातूंकडे बघत असताना त्या दोघींवर एकच डोळा होता: कॅमेऱ्याचा. निकाल राखून ठेवला गेला. ढाल कोणाकडे ठेवायची यावर तासभर वाद होऊन ती धर्माच्या पिठाच्या गिरणीत ठेवायचं ठरलं, कारण दोन्हीकडची दळणं तिथेच जात. "ठेवा," धर्मा म्हणाला, "पन पीठ बसलं तर माझ्यावर कोन ओरडायचं नाय."

घरी येऊन खातूंनी रीळ गुंडाळायला घेतलं. गुंडाळायची कळ गरागरा, काहीही न अडता फिरली. अशी ती फिरली, याचा अर्थ एकच. यंत्राने शेवटच्या झटक्यात रीळ त्याच्या डबीतून तोडलं होतं. पुरावा आता कॅमेऱ्याच्या पोटात उघडा गुंडाळलेला होता आणि उजेडात झाकण उघडलं की सगळे फोटो खलास.

ही बातमी सोसायटीत पसरायला जिना उतरण्याइतका वेळ लागला. मग सल्ले आले. विनिता म्हणाली, "तांदळाच्या डब्यात ठेवा, माझा मोबाईल त्यानेच बरा झाला." दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, लिफ्ट मधे बंद पाडू, आत मिट्ट काळोख असतो; लिफ्ट बंद पाडायचं काम तेवढं खातूंनी करावं, त्यांना ते जमेल. एकाने काळा चष्मा घालून उघडायला सांगितलं. सावे यांनी मात्र मूळ मुद्द्यावर बोट ठेवलं. "काका, पुरावा एकट्याने हाताळायचा नाही. दोन्ही पक्षांचे साक्षीदार हवेत. अंधार असला तरी कारभार पारदर्शक हवा."

तेव्हा एका सकाळी खातूंच्या न्हाणीघराची खिडकी गोणपाटाने बुजवली गेली, दाराच्या फटीला टॉवेल लागले, आणि एवढ्यावर भरवसा नको म्हणून आशालताबाईंच्या माहेरच्या मोठ्या गोधडीखाली तीन प्रौढ पुरुष शिरले: मध्ये कॅमेरा घेऊन खातू, डावीकडे गावातर्फे आलोशियस, उजवीकडे सोसायटीतर्फे सावे. गोधडीला आधी नॅफ्थलीनचा वास आणि थोड्याच वेळात सावे यांच्या अत्तराचाही.

"उघडलं," खातू कुजबुजले.

"कुजबुजता कशाला?" आलोशियस अंधारातून म्हणाले. "रीळ ऐकतं का?"

"तुमचं कोपर काढा."

"ते माझं नाही."

"माझं आहे," सावे म्हणाले. "मी निरीक्षण करतोय."

खातूंनी चाचपडत रिळाचं टोक धरलं. तेवढ्यात गोधडीखाली निळाशार उजेड पडला. सावे यांच्या मनगटावरचं घड्याळ पेटलं होतं आणि त्यावर अक्षरं होती: 'बराच वेळ बसलात! आता उठा.'

त्या उजेडात तिघांनी एकमेकांचे चेहरे पाहिले. पाहण्यासारखे नव्हते.

"झाका! झाका ते!" खातू किंचाळले. सावे यांनी हात काखेत घातला. अंधार परतला. खातूंनी रीळ गुंडाळून डबीत भरलं आणि मग सावकाश म्हणाले, "सगळ्यात बाहेरच्या वेढ्यांवर उजेड पडला असणार. म्हणजे शेवटचे फोटो गेले."

"मला ते घड्याळ सुनेने दिलं," सावे म्हणाले. "तब्येतीसाठी."

पुढचा टप्पा सोपा असायला हवा होता. दादरला एक जण अजून रिळं धुतो असं कळलं. कुरियरवाल्याने पाकीट तोलत विचारलं, "आत काय आहे?" खातू चुकून खरं बोलले, "पुरावा." त्यावरून पाकीट जे अडकलं, ते आठवडाभर 'कामण गोदामात आहे' एवढंच मोबाईलवर दिसत राहिलं. इकडे गावात लोक म्हणायला लागले की खातूंनीच ते दडवलं. संध्याकाळचा फेरफटका बंद झाला होता. म्हणजे खातू निघायचे, पण सांडोरच्या वळणावरून परतायचे. आलोशियसांच्या बांधावर जाऊन बसायचं कोणत्या तोंडाने?

शेवटी ते रिक्षाने कामणला गेले. गोदामाच्या दारात बाकडं होतं आणि त्यावर आलोशियस बसले होते. तेही त्याच पाकिटासाठी आले होते. दोघांनी मान हलवली. खातू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये तिसरा माणूस बसू शकेल एवढी जागा होती. पहारेकऱ्याला ते दोघे बरोबरच आलेत असं वाटलं आणि त्याने दोन चहा आणून त्या मधल्या जागेत ठेवले.

चहा निवायला लागला, तेव्हा आलोशियस म्हणाले, "खातू. खरं सांगा. मुद्दाम वाजवलं?"

"बटन अडकलं हो. आईशप्पथ."

"मला माहीत होतं." आलोशियसांनी कप उचलला. "पण गावाला कसं सांगू? ते म्हणतात, तुझ्याच घरातला अडसर नेऊन तुझ्याच बायकोला पाडलं."

खातूंनीही आपला कप उचलला. "फोटोत काहीही निघो," ते म्हणाले, "मी आहे तसं दाखवीन. आशालता हरली असली तरी."

"आणि ती घरी काय म्हणेल?"

"ते फोटोत यायचं नाही," खातू म्हणाले, आणि दोघेही पहिल्यांदा हसले. आतला माणूस पाकीट घेऊन आला. ते तिथेच, एका सोफ्याच्या खोक्याखाली होतं.

फेब्रुवारी सरता सरता मेलवर फोटो आले. दुपारची वेळ होती. आशालताबाई समोर पावटे सोलत बसल्या होत्या. खातूंनी संगणक आपल्याकडे वळवून घेतला. शेवटचे नऊ-दहा फोटो पांढऱ्या धुक्यात बुडाले होते. ती सावे यांची तब्येत. बाकीचे लख्ख होते.

त्यांनी पहिला फोटो मोठा केला आणि पायांवर नेला. चारही पाय पॅडलवर. दुसरा. पाय वरच. दहावा. वरच. विसावा आला तरी वरच! खातू खुर्चीत पुढे सरकले. चाकांकडे पाहिलं. दोन्ही सायकली जागच्या जागी उभ्या होत्या. खालचं गवतसुद्धा बदललं नव्हतं. कित्येक सेकंद दोन थांबलेल्या सायकली, वर दोन साठीच्या बायका आणि पाय टेकलेला नाही. हे कसं शक्य आहे? दाव्यात अशी जागा आली की जिथे सगळे बोट दाखवतात तिथून नजर काढून घ्यायची, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी चित्र पायांवरून हळूहळू वर नेलं. चाक, साडीचा काठ, टोपली.

आशालताबाईंच्या डाव्या हातात क्लेमेंटीन टीचरांचा उजवा हात होता. घट्ट. एक हात एकीच्या हँडलवर, एक दुसरीच्या, आणि मधले दोन एकमेकींत. आणि दोघी हसत होत्या, शाळेतल्या मुलींसारख्या, तोंड भरून.

खातूंनी संगणक वळवला. आशालताबाईंनी चष्मा चढवला, पाहिलं आणि पुन्हा पावटा उचलला.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "टीचर छान दिसतात."

"तुम्ही हात धरला होता!"

"तुमचं ते भूत ओरडलं आणि मी पडणार होते. तिने धरलं. मग ती पडायला लागली, मी धरलं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस? महिना झाला!"

"विचारलं कोणी?" आशालताबाई म्हणाल्या. "सगळे पायांचं विचारत होते. हातांचं कोणी विचारलं?"

खातूंनी पुन्हा चित्रातल्या हातांकडे पाहिलं.

"आणि हात धरणं चालतं की नाही ते आम्हाला कुठे ठाऊक? मी बोलले असते तर ती बाद झाली असती, ती बोलली असती तर मी. म्हणून गप्प राहिलो. रोज फोनवर बोलतो आम्ही. तुम्ही तिघं गोधडीत शिरलात त्या दिवशी टीचरना हसून हसून ठसका लागला."

"इकडे आलोशियस आणि मी तोंड चुकवत होतो त्याचं काय?"

यावर मात्र त्यांनी हातातला पावटा खाली ठेवला. "ते आमचं चुकलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, दोन दिवसांत बोलाल. पुरुष इतके दिवस रुसतात हे माहीत नव्हतं."

आता पेच उभा राहिला. सगळेच फोटो घड्याळाच्या उजेडाने गेले असं सांगितलं, तर कोणी प्रश्न विचारणार नव्हतं. खरे दाखवले, तर दोघी बाद होऊन तिसरी आलेली विनिता जिंकणार, ढाल सोसायटीकडे जाणार, आणि खातूंनीच हे घडवून आणलं असं गाव जन्मभर म्हणणार. सावे यांचा फोनही येऊन गेला होता: "काका, सोसायटीचं हित लक्षात असू द्या." खातू घरात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी आशालताबाईंनी टीचरना फोन लावून त्यांच्या कानाला दिला.

"खातू," टीचर म्हणाल्या, "उत्तर लिहिलंय तसं दाखवायचं. मार्क द्यायचे ते मर्विन देईल."

रविवारी मैदानात चादर बांधून तिच्यावर फोटो दाखवले. दोन्हीकडची माणसं जमली. पहिले काही फोटो सगळे पायच बघत होते. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, वर बघा, वर!" आणि हसण्याची एक लाट पुढून मागे गेली. टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळलं नाही.

सावे उभे राहिले. "हात लावणं म्हणजे दोघी बाद. तिसरा क्रमांक आमच्या विनिताताईंचा."

"मला नको हो ती ढाल," विनिता ओरडली. "मी शिट्टीलाच पडले. लोक तोंडात शेण घालतील."

सगळे मर्विन सरांकडे वळले. सर टीचरांकडे बघत होते. टीचर त्यांच्याकडे, जुन्या सवयीने, उत्तर येईपर्यंत बघायचं तशा बघत होत्या.

"नियमात पाय लिहिलाय," मर्विन सर घसा साफ करून म्हणाले. "हात लिहिलेला नाही. पाय आधी कोणाचा टेकला ते फोटोत उरलेलं नाही. बरोबरी. ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे."

पहिले सहा महिने कोणाकडे, यावर लगेच भांडण लागलं आणि ते अजून मिटलेलं नाही. पण ते आनंदाचं भांडण आहे.

खातूंना मात्र झोप येईना. ढालीचं त्यांना काही नव्हतं. त्यांना एकच छळत होतं. एकटी आशालता पडली असती. एकट्या टीचर पडल्या असत्या. मग पडणाऱ्या दोन बायका मिळून उभ्या कशा राहिल्या? गणितात हे बसत नव्हतं. टीचरनाही विचारून झालं होतं.

पुढच्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही सायकली आलोशियसांच्या बागेतल्या पायवाटेवर आणल्या. आधी ते आणि आलोशियस चढले, हात धरले आणि तत्काळ पालकाच्या वाफ्यात गेले. पुन्हा चढले, पुन्हा गेले.

"तुम्ही दोघं एकमेकांना ओढताय," बांधावरून टीचर म्हणाल्या. "धरायचं असतं."

"धरलंच होतं!" आलोशियस धोतऱ्याचे काटे काढत म्हणाले. "खातूंनी सोडलं."

आशालताबाईंनी पदर खोचला, गुलाबी सायकल उचलली आणि खातूंच्या शेजारी येऊन चढल्या. "द्या हात. आणि पायांकडे बघू नका."

खातूंनी हात दिला. चाकं थांबली. पहिला क्षण नुसता थरकाप. मग तळहातातून त्यांना काहीतरी जाणवलं. आशालताबाई किंचित डावीकडे झुकत होत्या आणि खातूंचा हात ते झुकणं पेलत होता. मग ते झुकत आणि तिचा हात दाबून येई. कोणीच स्थिर नव्हतं. दोघंही पडतच होती, पण थोडंथोडं आणि पाळीपाळीने. एवढंच होतं ते. केळीची पानं वाजली.

"झालं का तुमचं बघून?" आशालताबाईंनी समोर बघत विचारलं.

खातूंना सगळं स्पष्ट झालं होतं. पण हो म्हटलं तर ती उतरेल, हेही त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "अजून नीट लक्षात येत नाहीये. जरा थांब."